रकाना सात

फेब्रुवारीत तालुक्याहून कागद आला,
अकरा रकान्यांचा, कानडीत.
पुढल्या पाच वर्षांत पाणी कुठून येईल,
कुठे अडेल, कुठे आटेल,
पंचायतीनं महिनाअखेर कळवायचं.

दानम्मा मॅडम पीडीओ, गदगकडच्या.
त्यांच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा.
इथं खानापुरात तो भाऊबंद, हिस्सा मागतो,
हे मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलेलं.
मी सातेरी, बिल कलेक्टर. बावीस वर्षं
नळपट्टीची वही घेऊन दारोदार.
गावाचा नकाशा माझ्या चपलांना पाठ.

"रकाना सात, सातेरी. धोक्याची जागा.
काय लिहू?"
"फिरून येतो की," म्हटलं.

खालच्या आळीत लक्कव्वानं भिंत दाखवली.
मलप्रभा घरात शिरली त्या सालची रेघ,
छातीएवढी.
घर दोनदा रंगवलं तिनं त्यानंतर,
रेघेची वीतभर पट्टी सोडून.
"पुसलं तर पुढच्यांना कसं कळायचं?
तुझी बिलं बी तिथंच चिकटवतो मी."
मी टेप लावला. चार फूट सात इंच.
रकान्यात मावत होतं फक्त 'आहे' किंवा 'नाही'.

मग शिवार.
म्हातारा भारमाणी बांधावर बसून
शेतांची नावं सांगत गेला:
कोंडी, बुडकं, ओलपट्टी,
उमाळ्याचा तुकडा.
"ठेवणारे वेडे नव्हते रे.
पाण्याला विचारून ठेवल्यात."
उताऱ्यावर मात्र नुसते आकडे.
आणि शहाण्णव बटा दोनवर,
म्हणजे उमाळ्याच्या तुकड्यावर,
मंजूर समुदाय भवन.
फक्की टाकून आखणीसुद्धा झालेली.

संध्याकाळी ऑफिसात मी शब्दाशी अडलो.
उमाळा म्हणजे... पाणी वर येतं, मॅडम,
जमिनीतनं, आपणहून, कुणी न बोलावता...
ओंजळ उलटी-सुलटी करून दाखवली.
त्यांनी पेन ठेवलं.
"ओरते," म्हणाल्या. "आमच्या शेतात होती.
बुजवली अप्पांनी. मग बोअर मारल्या. सहा."
सहाची बोटं बराच वेळ
मिटायची राहिली.

ग्रामसभेत आरडाओरड झाली. व्हायचीच.
मेंबर पुंडलिक गावडे उठले,
"भवन घालवता? लग्नं काय डबक्यात लावायची?"
लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
मागून लक्कव्वा उठली, पदर खोचून.
"पुराच्या साली अख्खी आळी शाळेत निजली.
लेकरं बाकांवर, आम्ही बाकांखाली.
भवन तिथं बांधा, शाळेमागं, टेकावर.
लग्न बी होतंय, पूर बी निघतोय."
तेव्हा कुणी हसलं नाही.
टाळ्याही नाहीत. एक पंखा तेवढा
घरघरत होता.

ठराव कानडीत उतरला.
"मराठीत वाचा," मागच्या रांगेतून आलं,
तसं दरवेळी येतंच, आणि सभा ताठरते.
मॅडम आपल्या मोडक्या मराठीत वाचू लागल्या.
सगळी वाक्यं लंगडली.
उमाळा हा शब्द तेवढा नीट चालला.

वरून अजून उत्तर नाही.
जागा बदलली की फाइल पहिल्यापासून, म्हणतात.
पुंडलिकराव माझ्याशी बोलत नाहीत;
नळपट्टी भरतात, बायकोच्या हातून.
कागदाची प्रत नोटीस बोर्डावर आहे.
रकाना सात पुरला नाही, म्हणून
मॅडमनी समासात उभं लिहिलंय, ओरते,
आणि त्याला टेकून, माझ्या कोंबडपाय अक्षरात,
उमाळा.

मार्च संपला. वसुली बासष्ट टक्के.
उमाळ्याच्या तुकड्यावरून सायकल ढकलत जातो.
आखणी अजून आहे, चार कोपरे,
पूर्वेला दार.
सगळीकडची फक्की उन्हानं उडालीय.
दाराशी ओली.